न बांधलेल्या यंत्राची भिंगे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरातून भविष्यातील कण-कोलायडरांची, म्हणजे कणांच्या शलाका एकमेकींवर आदळवणाऱ्या यंत्रांची, थोडक्यात ओळख करून दिली होती. या यंत्रांतील शलाकांची आखणी, म्हणजेच बीम ऑप्टिक्स, हे काम पुष्कळदा पीएच.डी. करणाऱ्या किंवा ती नुकतीच संपवलेल्या तरुणांच्या हातून होते, असेही त्यात जाता जाता म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. बीम ऑप्टिक्स म्हणजे कणांच्या शलाकेसाठी चुंबकांची भिंगे बसवणे, एवढे मला समजले. पण ती कशी बसवायची हे तर सत्तर वर्षांपूर्वीच ठरले आहे. मग नव्याने येणाऱ्याला रोज करण्यासारखे काय उरते?

उत्तर : नियम ठरले आहेत, हे खरे. चतुर्ध्रुवी चुंबक शलाकेला एका प्रतलात आवळतो आणि दुसऱ्या प्रतलात फैलावतो. मात्र त्याच्या उलट वागणारा दुसरा चुंबक त्याच्याशी आलटून पालटून ठरावीक अंतरांवर ठेवला, तर एकंदर परिणाम दोन्ही प्रतलांत आवळण्याचाच होतो, हे कुरांट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी ब्रुकहेव्हन येथे १९५२ साली दाखवून दिले. (लिफ्टच्या व्यवसायात असलेले अथेन्समधील अभियंते ख्रिस्टोफिलोस यांनी हीच कल्पना त्याआधी स्वतंत्रपणे मांडून पेटंटसाठी अर्जही केला होता. तिकडे वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही.) शलाका कोणत्या ठिकाणी किती रुंद असेल हे सांगणारे बीटा फलन, एका फेरीत कण किती हेलकावे खातो हे सांगणारी ट्यून, आणि कमी-अधिक संवेगाचे कण मधल्या मार्गापासून किती बाजूला सरकतात हे सांगणारे डिस्पर्शन, ही सारी भाषा पन्नासच्या दशकातलीच आहे.

अडचण ही भाषा एका खऱ्या वलयासाठी वापरताना सुरू होते. जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या २६.७ किलोमीटर वलयात नुसते वळवण्याचे काम करणारे मुख्य द्विध्रुवी चुंबकच १,२३२ आहेत. वलयाच्या कमानींमध्ये एकच नमुना पुनःपुन्हा येतो, त्यामुळे तो एकदा नीट बसला की पुढे चालतो. पण शलाका आत घेण्याची जागा, तिला ऊर्जा देणाऱ्या पोकळ्यांची जागा, भरकटलेले कण गाळून टाकण्याची जागा, शलाका बाहेर काढून संपवण्याची जागा आणि मुख्य म्हणजे टक्करबिंदू, यांपैकी प्रत्येक सरळ भागाची मागणी वेगळी असते. नवशिक्याच्या वाट्याला बहुधा असाच एक सरळ भाग येतो : काही शे मीटर लांबी, आत येताना बीटा फलनाचे आणि डिस्पर्शनचे मूल्य अमुक, बाहेर पडताना तमुक, मध्ये चुंबक एवढेच, त्यांची ताकद एवढ्यापर्यंत, आणि एकूण कला-वाढ (त्या भागात कणाचा हेलकावा किती अंश पुढे गेला ते) ठरलेलीच असली पाहिजे. आठवडाभरात उत्तर येते. ते उत्तर का चालणार नाही हे समजायला वर्ष लागते. पुढचा प्रश्न नेमका त्याविषयीच आहे.

प्रश्न : मी संशोधनाच्या पहिल्या वर्षात आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन वलयाच्या टक्करबिंदूजवळचा भाग जुळवण्याचे काम मला दिले आहे. सॉफ्टवेअर सर्व अटी पूर्ण करणारे उत्तर देते, आलेख देखणे दिसतात, तरी माझे मार्गदर्शक दर वेळी ‘अजून पाहा’ असे म्हणून ते परत करतात. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे चुकत नसावे, तुमचे काम अर्ध्यावर आहे आणि ते पूर्ण झाले असे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत आहे. सर्न येथे आखणी चाललेल्या फ्युचर सर्क्युलर कोलायडरच्या इलेक्ट्रॉन टप्प्याचे आकडे घेऊन हे उलगडून पाहू.

तेथे टक्करबिंदूवर उभ्या दिशेतील बीटा सुमारे ०.७ मिलीमीटर ठेवायचा आहे आणि शेवटचा चतुर्ध्रुवी चुंबक टक्करबिंदूपासून २.२ मीटरवर आहे. मधल्या मोकळ्या जागेत बीटा अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून चुंबकापाशी तो २.२ चा वर्ग भागिले ०.०००७, म्हणजे सुमारे ६,९०० मीटर होतो. शलाकेची जाडी बीटाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. टक्करबिंदूवर ३५ ते ४० नॅनोमीटर उंचीची शलाका त्या चुंबकापाशी तीन हजार पटींहून अधिक, म्हणजे एक दशांश मिलीमीटरच्या आसपास, असते. हे तुमच्या आलेखावर एका उंच शिखरासारखे दिसते आणि तिथपर्यंत सारे सुरळीत वाटते.

आता सर्व कण एकाच ऊर्जेचे नसतात, हे लक्षात घ्या. भिंगाची नाभी कणाच्या संवेगानुसार पुढेमागे सरकते, आणि ही चूक साधारणपणे त्याच तीन हजारांच्या पटीने मोठी होऊन टक्करबिंदूवर उतरते. ऊर्जेतला फरक एक सहस्रांश धरला, तरी काही उपाय न केल्यास शलाका ठरल्यापेक्षा सुमारे तिप्पट जाड होईल आणि नॅनोमीटरची सारी मेहनत वाया जाईल. हेच वर्णविपथन. ते घालवण्यासाठी कण संवेगानुसार बाजूला सरकलेले असतील अशा जागी, म्हणजे जेथे डिस्पर्शन आहे तेथे, षट्ध्रुवी चुंबक ठेवतात. पण षट्ध्रुवी चुंबकाचा धक्का विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो योग्य संवेगाच्या कणांनाही बिघडवतो. म्हणून ते जोडीने ठेवतात, आणि जोडीतील दोघांमध्ये कला-वाढ नेमकी १८० अंश ठेवतात, म्हणजे पहिल्याने केलेला बिघाड दुसरा पुसून टाकतो.

पुसून टाकतो, असे कागदावर. चुंबकाला लांबी असते, ठरलेल्याहून वेगळ्या संवेगाच्या कणासाठी कला-वाढ १८० अंश राहत नाही, आणि दोघांच्या मध्ये आणखी एखादा चुंबक किंचित तिरपा बसला तर ही वजाबाकी अपुरी राहते. ही उरलेली बाकी फेऱ्या-फेऱ्यांनी साठत जाते आणि एका मर्यादेपलीकडचे कण वलयात टिकत नाहीत. या मर्यादेला डायनॅमिक अपर्चर म्हणतात, आणि जुळवणीच्या सॉफ्टवेअरला त्याची गंधवार्ताही नसते. ते शोधण्यासाठी कण प्रत्यक्ष हजारो फेऱ्या फिरवून पाहावे लागतात. किती फेऱ्या, याचे उत्तरही यंत्रावर अवलंबून असते : प्रोटॉनच्या वलयात लाखो फेऱ्याही अपुऱ्या वाटतात, कारण तेथे हेलकावे शमवणारे जवळजवळ काहीच नसते. उलट वर उल्लेखलेल्या इलेक्ट्रॉन वलयात १८२.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला कण दर फेरीत जवळजवळ १० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा सिंक्रोट्रॉन प्रारणात (वळताना कणातून निघणाऱ्या किरणांत) गमावतो, त्यामुळे ऊर्जेतले हेलकावे वीसेक फेऱ्यांतच निम्म्याहून खाली येतात. अर्थात त्याच प्रारणामुळे दोन ऊर्जापोकळ्यांच्या मध्ये शलाकेची ऊर्जा करवतीच्या दातांसारखी उतरत-चढत जाते, आणि प्रत्येक चुंबकाची ताकद त्या-त्या ठिकाणच्या ऊर्जेनुसार थोडी थोडी बदलावी लागते. तुमच्या जुळवणीत हे धरले आहे का, असा तुमच्या मार्गदर्शकांचा एक प्रश्न असणार.

दुसरा प्रश्न चुकांविषयीचा असेल. एकही चुंबक जागेवरून हललेला नाही असे वलय फक्त संगणकात असते. म्हणून प्रत्येक चुंबकाला यादृच्छिक पद्धतीने काही दशक मायक्रोमीटर ते शंभर मायक्रोमीटर इतके सरकवायचे, थोडे फिरवायचे, असे शंभरेक वेगवेगळे ‘बिघडलेले’ नमुने तयार करायचे, आणि प्रत्यक्ष नियंत्रणकक्षात शलाका सुरू करताना ज्या क्रमाने दुरुस्त्या केल्या जातील त्याच क्रमाने प्रत्येक नमुना दुरुस्त करून पाहायचा. षट्ध्रुवी चुंबक उभ्या दिशेत थोडासा सरकला तरी आडव्या हेलकाव्यांचा अंश उभ्या दिशेत झिरपतो, आणि जेथे उभी एमिटन्स (शलाकेच्या त्या दिशेतील पसाऱ्याचे माप) पिकोमीटरच्या घरात ठेवायची असते तेथे एवढेही पुरते. माझ्या अनुभवात देखणी ऑप्टिक्स या टप्प्यावर बहुधा कोसळते आणि किंचित बेढब, पण सैल अशी ऑप्टिक्स टिकते. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यापासूनच स्वतःचा आराखडा मोडून पाहायला सांगतो.

तिसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. टक्करबिंदूभोवती शोधक यंत्र आहे, त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, आणि येणाऱ्या शलाकेच्या वळणांतून निघालेले क्ष-किरण त्यात शिरू नयेत अशी त्या गटाची रास्त मागणी आहे. म्हणूनच टक्करबिंदूआधीच्या काही शे मीटरमध्ये वळणे इतकी हलकी ठेवतात, की प्रारणाची क्रांतिक ऊर्जा (त्यातील किरण किती तीव्र ऊर्जेचे आहेत हे सांगणारा आकडा) १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली राहावी. चुंबक बनवणाऱ्याला तारांसाठी जागा हवी, निर्वात-गटाला पंपांसाठी हवी, मोजमाप करणाऱ्यांना शलाकेची जागा सांगणाऱ्या संवेदकांसाठी हवी. तुमच्या आराखड्यात दोन चुंबकांमध्ये वीस सेंटिमीटर मोकळे दिसत असतील, तर ते कोणाचे आहेत हे विचारून ठेवा. बहुधा त्यांवर दोन जणांनी आधीच हक्क सांगितलेला असतो.

प्रश्न : कोणते सॉफ्टवेअर शिकावे? आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम लवकरच स्वतःच करणार असेल, तर शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर : सर्न येथे घडलेले मॅड-एक्स या क्षेत्रातील सामाईक बोली म्हणता येईल. कण फिरवून पाहण्यासाठी तेथेच अलीकडे पायथनवर आधारलेले एक्ससूट वाढले आहे. जपानच्या केईके संस्थेत सॅड, कॉर्नेल विद्यापीठात बीमॅड, आर्गॉन प्रयोगशाळेत एलिगंट, अशी प्रत्येक परंपरेची आपापली साधने आहेत. यांपैकी एक नीट आणि दुसरे ओळखीपुरते यावे. दोन हवीत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यावर पडताळल्याशिवाय कोणी मान्य करत नाही.

पण त्याही आधी एक संध्याकाळ काढून स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहा. दोन भिंगे आणि दोन मोकळ्या जागा एवढाच नमुना घ्या. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या कमानीतील असा एक घटक १०६.९ मीटर लांब आहे. त्यात कला-वाढ ९० अंश हवी असेल, तर भिंगाचे नाभीअंतर सुमारे ३८ मीटर येते, बीटाचे कमाल मूल्य १८२ मीटरच्या आणि किमान ३१ मीटरच्या जवळ येते, आणि हे आकडे खऱ्या यंत्राच्या पुष्कळ जवळचे असतात. कागदावर काढलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळल्याचा आनंद एकदा घेतला, की पुढे पडद्यावर आंधळा विश्वास बसत नाही.

मला हे उशिरा कळले. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी एक लॅटिस (वलयातील चुंबकांची मांडणी) एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना डायनॅमिक अपर्चर अचानक आक्रसले आणि त्याची भौतिक कारणे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. एका प्रोग्राममध्ये षट्ध्रुवी चुंबकाच्या ताकदीच्या व्याख्येत एक द्वितीयांश हा गुणक आत धरलेला होता, दुसऱ्यात नव्हता. एवढेच कारण निघाले. वर्णविपथनाचा एक आकडा छापून पाहिला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण मी थेट शेवटचा, दिमाखदार आलेख काढायला धावलो होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी : शेकडो चुंबकांच्या ताकदी एकाच वेळी बदलून उत्तम तडजोड शोधणारे जनुकीय अल्गोरिदम या क्षेत्रात कित्येक वर्षे वापरात आहेत, आणि आता यंत्र-शिक्षणाने कण फिरवण्याचा गणनेचा भार हलका होतो आहे. त्यांना ‘उत्तम’ म्हणजे काय हे सांगावे लागते. ते कसे सांगायचे, हे ठरवण्यात आमचे बहुतेक दिवस जातात.

प्रश्न : वर्तुळाकार, रेषीय की म्यूऑन कोलायडर, नवशिक्याने कोणत्या प्रकारावर काम करावे?

उत्तर : ज्याच्याकडे चांगला मार्गदर्शक आहे त्यावर. स्वभावाने मात्र तिन्ही वेगळे आहेत. रेषीय यंत्रात शलाका एकदाच जाते, त्यामुळे लाखो फेऱ्यांत साठणाऱ्या बिघाडाची धास्ती नसते. पण दुसरी संधीही नसते. आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या आराखड्यात २५० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला टक्करबिंदूवरील शलाकेची उंची ७.७ नॅनोमीटर धरली आहे. एवढ्या बारीक शलाका समोरासमोर आणताना जमिनीची रोजची थरथरही हिशेबात घ्यावी लागते. या पद्धतीची चाचणी जपानमधील एटीएफ-२ या शलाकामार्गावर झाली : उद्दिष्ट ३७ नॅनोमीटरचे होते आणि प्रत्यक्षात चाळीसच्या थोडे वर पोहोचता आले. मला हा निकाल या क्षेत्रातील अतिशय सुंदर निकालांपैकी एक वाटतो, आणि त्याची पुरेशी वाखाणणी झाली नाही असेही वाटते.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनाचा जड, अल्पायुषी भाऊबंद; त्याचे सगळे गणित घाईचे आहे. स्थिर म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. ५ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टला सापेक्षतेमुळे हे आयुष्य सुमारे एक दशांश सेकंद होते, म्हणजे दहा किलोमीटरच्या वलयात सुमारे तीन हजार फेऱ्या. तेवढ्यात टक्करी उरकायच्या, आणि विघटनातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची उष्णता चुंबकांपासून दूर ठेवायची. येथे ठरलेले कमी आणि ठरायचे जास्त आहे. मोकळा माळ आवडणाऱ्याने इकडे यावे.

प्रश्न : माझी मुलगी अशाच एका कोलायडरच्या आखणीवर पीएच.डी. करत आहे. ते यंत्र २०४० च्या दशकाच्या मध्याआधी सुरू होणार नाही असे ती सांगते, आणि ते बांधायचे की नाही याचाही निर्णय झालेला नाही. उद्या ते रद्द झाले तर तिची ही वर्षे वाया गेली असे होणार नाही का? मला तिला नाउमेद करायचे नाही, पण काळजी वाटते.

उत्तर : तुमची काळजी निराधार नाही, आणि ती तशी आहे असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. १९९३ साली अमेरिकेतील सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर हा सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा प्रकल्प रद्द झाला तेव्हा सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि वीस किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. त्यावर काम करणाऱ्या अनेक तरुणांना क्षेत्रच बदलावे लागले. दुसरीकडे, लार्ज हॅड्रॉन कोलायडरविषयी पहिली मोठी चर्चा लोझान येथे १९८४ साली झाली, मंजुरी १९९४ मध्ये मिळाली आणि शलाका प्रथम फिरली ती १० सप्टेंबर २००८ रोजी. म्हणजे यशस्वी ठरलेल्या प्रकल्पातही सुरुवातीच्या आराखड्यापासून शलाकेपर्यंत चोवीस वर्षे गेली.

तेव्हा एकाच यंत्रावर सगळी भिस्त ठेवायची नाही, हे तुमच्या मुलीलाही ठाऊक असेल. तिच्या हाती येणारी विद्या मात्र यंत्रापेक्षा जास्त काळ टिकते, आणि त्याचे एक ठळक उदाहरण देतो. इटालियन त्वरक-भौतिकशास्त्रज्ञ पांतालेओ राइमोंदी यांनी सेरी यांच्याबरोबर २००१ साली रेषीय कोलायडरच्या अंतिम केंद्रीभवनाची नवी, आटोपशीर रचना मांडली. पुढे इटलीतील फ्रास्काती येथे त्यांनी ‘क्रॅब वेस्ट’ ही टक्करीची पद्धत सुचवली आणि तेथील छोट्या डॅफ्ने वलयात ती यशस्वी झाली. त्यानंतर फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे संशोधनासाठी क्ष-किरण पुरवणाऱ्या वलयाच्या, नूतनीकरणाची आखणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि ८४४ मीटरच्या त्या वलयाची एमिटन्स ४ नॅनोमीटरवरून ०.१३ नॅनोमीटरच्या आसपास आली. २०२० पासून जीवशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक ते वापरत आहेत. त्या वलयातील षट्ध्रुवी चुंबकांच्या जोड्यांमागचे तत्त्व वर दुसऱ्या उत्तरात सांगितलेलेच आहे. कोलायडरसाठी घडलेली कल्पना अशी प्रकाशस्रोतांमध्ये गेली, आणि आज जगभर अशी वलये नव्याने बांधली वा सुधारली जात आहेत. त्यांना लॅटिस आखणारी माणसे हवी असतात. कर्करोगावरील प्रोटॉन-उपचारांत रुग्णाभोवती फिरणाऱ्या शलाकामार्गाची आखणीही याच गणिताने होते.

मुलीला विचारण्यासारखा एक प्रश्न सुचवतो : तिच्या प्रबंधातील कोणते प्रकरण दुसऱ्या एखाद्या यंत्रालाही लागू पडेल? तिला एकही नाव घेता आले नाही, तर तिने मार्गदर्शकांशी बोलावे.

प्रश्न : मी पीएच.डी.नंतरच्या पहिल्या नेमणुकीवर आहे. दोन वर्षे ज्या परिघासाठी ऑप्टिक्स बसवली तो परिघच बदलला गेला आणि माझे सर्व आकडे निरुपयोगी झाले. शिवाय शेकडो नावांच्या अहवालात माझे काम कोणाला दिसणार?

उत्तर : परिघ बदलणे हा या व्यवसायाचा ऋतुधर्म आहे. फ्युचर सर्क्युलर कोलायडरचा २०१८-१९ च्या संकल्पना-अहवालातील परिघ ९७.७५ किलोमीटर होता. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यवहार्यता-अहवालात तो ९०.७ किलोमीटर आहे. टक्करबिंदू दोनाचे चार झाले, जमिनीवरील जागा कमी होऊन आठ राहिल्या. भूगर्भ, रस्ते, वीज, गावे यांचा विचार करूनच बोगदा ठरतो आणि त्यात शलाकेचे मत शेवटी विचारले जाते. म्हणून आकडे राखण्यापेक्षा त्यांच्यामागचे नाते राखावे.

उदाहरण पाहा. आडवी एमिटन्स ऊर्जेच्या वर्गाच्या आणि एका घटकातील वळणाच्या कोनाच्या घनाच्या प्रमाणात असते. ४५.६ वरून १८२.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला गेलो, तर ऊर्जा चौपट म्हणून एमिटन्स सोळापट होईल. पण त्या वेळी घटकाची लांबी निम्मी केली, तर ती आठाने भागली जाईल आणि शेवटी केवळ दुप्पट राहील. प्रसिद्ध आराखड्यातील ०.७ आणि १.५ नॅनोमीटरच्या आसपासचे आकडे असेच आले आहेत. मग कमी ऊर्जेलाही आखूड घटक ठेवून एमिटन्स आणखी का उतरवली नाही? कारण तसे केल्यास मोमेंटम कॉम्पॅक्शन (संवेग बदलला की फेरीची लांबी किती बदलते याचे प्रमाण) घटते, आणि त्या ऊर्जेला शलाकेतील प्रवाह प्रचंड असल्याने कणांचे पुंज अस्थिर होण्याचा धोका वाढतो. परिघ ९७ असो वा ९०, हा युक्तिवाद तसाच राहतो. तुमच्या आज्ञावलीत लांबी हा आकडा लिहिलेला असेल तर तुम्हाला पुन्हा दोन वर्षे लागतील. ती चल म्हणून लिहिलेली असेल तर दोन आठवडे. आणि प्रत्येक निवडीशेजारी तिचे कारण एका ओळीत लिहून ठेवा, कारण तुमची नेमणूक संपल्यावर ती फाइल उघडणारी व्यक्ती तुम्हाला ओळखत नसेल.

श्रेयाबद्दल : मोठ्या अहवालातील नाव कोणी मोजत नाही. दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय कणत्वरक परिषदेतील तीन-चार पानी लेख आणि ‘फिजिकल रिव्ह्यू अॅक्सिलरेटर्स अँड बीम्स’ सारख्या नियतकालिकातील एखादा सविस्तर निबंध, हे मोजले जाते. त्यात ‘अमुक यंत्राची ऑप्टिक्स’ असा विषय घेण्याऐवजी एक प्रश्न घ्या आणि त्याचे उत्तर द्या. निवड समितीत बसून अर्ज वाचताना मी स्वतः तेच शोधतो.

प्रश्न : मी विद्युत अभियंता आहे, भौतिकशास्त्रज्ञ नाही. मला या कामात प्रवेश मिळेल का?

उत्तर : मिळेल. अवकल समीकरणे, मॅट्रिक्स आणि प्रोग्रामिंग यांची सवय असली की उरलेले शिकता येते; सर्नची १९८३ पासून चाललेली त्वरक-शाळा, अमेरिकेतील कणत्वरक-शाळा आणि युरोपातील विद्यापीठांची संयुक्त शाळा त्यासाठीच आहेत. वीजपुरवठ्याच्या थरथरीचा शलाकेवर होणारा परिणाम समजणारा अभियंता कोणत्याही ऑप्टिक्स-गटाला हवाच असतो.

प्रश्न : माझे काम पूर्णपणे संगणकावरचे आहे. चालू यंत्राच्या नियंत्रणकक्षात सहा महिने काढण्याची संधी मिळते आहे, पण त्यामुळे प्रबंध लांबेल. जावे का?

उत्तर : जावे. नव्या ऑप्टिक्सच्या कल्पना चालू यंत्रांवरच सिद्ध होतात. उच्च ल्युमिनॉसिटीच्या (म्हणजे टक्करींच्या वाढीव दराच्या) टप्प्यात टक्करबिंदूवरील बीटा १५ सेंटिमीटरपर्यंत उतरवण्यासाठी आखलेली दुर्बिणीसारखी ‘आवळणी’ लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर आधी प्रयोगादाखल आणि २०१७ पासून रोजच्या वापरात आली. जपानमधील सुपरकेईकेबीमध्ये उभा बीटा एक मिलीमीटरपर्यंत उतरवून विक्रमी ल्युमिनॉसिटी मिळाली आहे, तरी ठरलेल्या ०.३ मिलीमीटरपासून ते यंत्र अजून दूर आहे. हे अंतर कशामुळे राहिले, हे शिकणे फ्युचर सर्क्युलर कोलायडरच्या कोणत्याही आखणीकाराला प्रबंधातील एका प्रकरणाइतके मोलाचे ठरेल.

आणि यंत्रे असे काही दाखवतात जे आखणीच्या यादीत नसते. सर्नच्या लेप या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये १९९६ साली शलाका पुढे सरकेना, म्हणून नळी उघडली तेव्हा आत दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. पण त्याहून मला आवडते ती चंद्राची गोष्ट. भरती-ओहोटीच्या ओढीने जमीन किंचित फुगते आणि लेपचा २६.७ किलोमीटरचा परिघ सुमारे एक मिलीमीटरने बदलत असे, म्हणजे दहा कोटींत चार भाग. ऊर्जापोकळ्यांची वारंवारिता स्थिर असल्याने शलाकेच्या मार्गाची लांबी बदलू शकत नाही. वलय मात्र बदलते, त्यामुळे शलाका चतुर्ध्रुवी चुंबकांच्या मध्यापासून थोडी सरकते आणि तिची ऊर्जा बदलते. किती, ते पाहण्यासाठी परिघातील सापेक्ष बदलाला मोमेंटम कॉम्पॅक्शनने भागा. लेपसाठी तो आकडा ०.०००२ च्या जवळ होता, म्हणून ऊर्जेत दहा हजारांत दोन भाग, म्हणजे ४५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे ९ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. लेपमध्ये अभ्यासलेल्या झेड या जड कणाचे वस्तुमान शेवटी २ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अचूकतेने मोजले गेले, यावरून चंद्राचा हिशेब ठेवणे किती आवश्यक होते ते कळेल. आता हाच भागाकार फ्युचर सर्क्युलर कोलायडरच्या वलयासाठी करून पाहा. जमीन तेवढीच ताणली जाईल, पण झेडच्या ऊर्जेला, म्हणजे ४५.६ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला, त्याचे मोमेंटम कॉम्पॅक्शन ०.००००२८ च्या आसपास आहे. उत्तर ६० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात येईल, आणि ते वारंवारिता हळूहळू बदलून दिवसभर कसे भरून काढायचे, हे नियंत्रणकक्षातल्या लोकांना पहिल्याच आठवड्यात विचारा.